वेबर म्हणजे नक्की कोण? एक आडनाव आणि त्यामागची सगळी माणसं, वस्तू, आजार, नद्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही स्पर्धा परीक्षेची तयारी करताय, समाजशास्त्रात वेबर आला, लोकप्रशासनात नोकरशाहीच्या धड्यात वेबर आला, भूगोलात उद्योगांच्या स्थाननिश्चितीला वेबर आला, भावाच्या बारावीच्या फिजिक्समध्ये चुंबकीय फ्लक्सचं एकक वेबर निघालं, आणि गेल्या आठवड्यात आई पायरीवरून घसरल्या तर एक्स-रेच्या रिपोर्टवर 'वेबर बी' लिहून आलं. तर हा एकच माणूस आहे का, एकाच घरातले आहेत का, आणि म्हणायचं वेबर की व्हेबर.

मी पुण्यात २२ वर्षं जर्मन शिकवते आणि त्याच्या जोडीला टेक्निकल आणि मेडिकल भाषांतरं करते, त्यामुळे हे आडनाव माझ्या टेबलावर सतत येतं आणि दर वेळी मला थांबून विचारावं लागतं की बाबा तू कुठला. तुमच्या यादीचं सरळ उत्तर असं: समाजशास्त्रातला आणि लोकप्रशासनातला वेबर एकच, मॅक्स. भूगोलातला त्याचा सख्खा धाकटा भाऊ, आल्फ्रेड. फिजिक्सचा वेगळ्या घरातला, विल्हेल्म, या दोघांच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. आणि आईंच्या रिपोर्टवरचा चौथाच, विसाव्या शतकातला स्विस हाडांचा सर्जन. म्हणजे चार माणसं, तीन घरं.

आईंच्या पायाचंच आधी बघू कारण ती काळजी मोठी. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जे हाडाचं टोक हाताला लागतं ते फिब्युला नावाच्या बारीक हाडाचं खालचं टोक, आणि ते हाड शेजारच्या मोठ्या टिबियाला घोट्याच्या जरा वर लिगामेंटने बांधलेलं असतं. फ्रॅक्चर त्या बांधणीच्या खाली असेल तर ए, त्याच पातळीवर असेल तर बी, वर असेल तर सी. एवढंच त्या अक्षराचं काम आहे. बेल्जियमच्या रोबेर दानिसने ही विभागणी १९४९ मध्ये मांडली आणि बर्नहार्ड गेऑर्ग वेबरने १९७२ मध्ये ती सुधारून सगळीकडे रुळवली, म्हणून पूर्ण नाव दानिस-वेबर. बी हा मधला प्रकार असल्यामुळे त्यात काही जणांचं प्लास्टर किंवा बूटवर भागतं आणि काहींना प्लेट टाकावी लागते, ते घोट्याचा सांधा स्थिर आहे की सरकतोय यावर ठरतं, तेव्हा डॉक्टरांना अक्षराबद्दल विचारण्यापेक्षा "सांधा स्टेबल आहे का" हे विचारा.

आता आडनाव. जर्मनमध्ये वेबेन म्हणजे विणणं आणि वेबर म्हणजे विणकर, बस्स. आपल्याकडे कोष्टी, साळी, विणकर ही आडनावं आहेत तसंच. मध्ययुगात, साधारण बाराव्या शतकापासून पंधराव्या-सोळाव्यापर्यंत, जर्मन शहरांत माणसं वाढली आणि एका गल्लीत चार हान्स झाले, मग कर लिहून घेणाऱ्याने कुणाला हान्स म्युलर म्हणजे पिठाच्या चक्कीवाला, कुणाला श्मिट म्हणजे लोहार, कुणाला श्नायडर म्हणजे शिंपी, कुणाला फिशर म्हणजे कोळी, आणि मागावर बसणाऱ्याला वेबर असं लिहायला सुरुवात केली आणि पुढे ते मुलाबाळांना चिकटलं. आजच्या जर्मनीत सगळ्यात जास्त आढळणारी आडनावं म्हणून ही पाचच सांगितली जातात, म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर, वेबर. कापड प्रत्येक गावात लागायचं, माग प्रत्येक गावात होता, त्यामुळे प्रत्येक गावाने आपापला वेबर स्वतंत्रपणे तयार केला. यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, या आडनावाला मूळपुरुष नाहीच, म्हणून ते सारखं असणं हा नात्याचा पुरावा होत नाही. आपल्याकडे पाटील किंवा कुलकर्णी ऐकून आपण नातं धरत नाही, कुठले पाटील असं विचारतो, तेच इथे करायचं.

फक्त एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे कोष्टी म्हटलं की त्याबरोबर जात, लग्नाचे नियम सगळं येतं. जर्मन वेबरचं तसं नाही, आडनाव चिकटल्यावर दोन पिढ्यांनी पोरगा पाद्री झाला काय आणि व्यापारी झाला काय, आडनाव तेच राहिलं आणि धंद्याशी संबंध सुटला. त्यामुळे "वेबर म्हणजे विणकर समाजातला" असं कुठे लिहू नका, मी हे पेपरात लिहिलेलं वाचलंय.

याच शब्दाची भावंडंही बरीच आहेत. इंग्रजीत वीव्हर, वेब, वेबर आणि वेबस्टर, त्यातलं वेबस्टर हे मुळात विणणाऱ्या बाईसाठी होतं. डचमध्ये दे वेव्हर. जर्मनमध्येच लाइनवेबर म्हणजे लिननचं (जवसाच्या धाग्याचं) कापड विणणारा आणि वोलवेबर म्हणजे लोकर विणणारा. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे वेबरफोगेल, विणकर पक्षी, म्हणजे ज्या कुळात आपली सुगरण येते ते. आपण तिला स्वयंपाकघरातलं नाव दिलं, त्यांनी मागावरचं दिलं, घरटं मात्र दोघांनी सारख्याच कौतुकाने बघितलं.

आता फिजिक्सवाल्या वेबरकडे येते आणि इथे जरा रेंगाळणार आहे कारण हे घर फार मोठं आहे आणि पुस्तकांत त्याचे तुकडे करून टाकलेत. विटेनबर्गमध्ये मिखाएल वेबर नावाचे धर्मशास्त्राचे प्रोफेसर होते. त्यांचे तीन मुलगे विज्ञानात गेले: अर्न्स्ट हाइनरिश १७९५ चा, विल्हेल्म एडुआर्ड १८०४ चा, एडुआर्ड फ्रीड्रिश १८०६ चा. थोरला आणि धाकटा शरीरशास्त्रात, मधला फिजिक्समध्ये. आणि हे तिघं जोड्याजोड्यांनी काम करायचे. थोरला आणि मधला यांनी मिळून १८२५ मध्ये लाटांवर मोठा ग्रंथ काढला, मधला आणि धाकटा यांनी १८३६ मध्ये माणूस चालतो कसा याचं यांत्रिक विश्लेषण केलं, थोरला आणि धाकटा यांनी १८४५ मध्ये दाखवून दिलं की व्हेगस नावाची नस उद्दीपित केली तर हृदय मंदावतं, म्हणजे नस अवयवाला नुसती चालना देते असं नाही, आवरही घालते. तीन भाऊ, तीन जोड्या, तीन कामं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या लेखात नुसतं "वेबर बंधू" दिसलं तर कुठले दोघं ते तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही.

विल्हेल्म हा तुमच्या भावाच्या पुस्तकातला. गणितज्ञ गॉसने त्याला ग्योटिंगनला आणलं आणि १८३३ मध्ये या दोघांनी वेधशाळा आणि फिजिक्सची प्रयोगशाळा यांच्यामध्ये गावाच्या छपरांवरून, चर्चच्या मनोऱ्यावरून तारा टाकून विजेची तारयंत्रणा चालवली, जवळजवळ किलोमीटरभर. विल्हेल्म तेव्हा तिशीतसुद्धा नव्हता. पुढे १८३७ मध्ये हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली तेव्हा सात प्रोफेसरांनी लेखी निषेध केला आणि सातही जणांची नोकरी गेली, त्या सातांत हा होता आणि परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधूही होते. ही गोष्ट फिजिक्सच्या पुस्तकात यायला हवी असं मला मनापासून वाटतं, नुसतं एकक पाठ करण्यापेक्षा मुलांना कळेल की ज्याच्या नावाचं एकक आहे त्या माणसाला कणा होता. मग १८५६ मध्ये कोलराउश या सहकाऱ्याबरोबर त्याने स्थिर विजेची एककं आणि चुंबकीय पद्धतीने मोजलेली एककं यांचं गुणोत्तर प्रयोगाने काढलं आणि त्यातून जो वेग निघाला तो प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळचा होता, आणि मॅक्सवेलने प्रकाश ही विद्युतचुंबकीय लाट आहे असं म्हणताना याच आकड्याचा आधार घेतला. एककाचा अर्थ भावाला असा सांगा: तारेच्या एका वेढ्यातून जाणारा फ्लक्स एका सेकंदात एक वेबरने एकसारखा बदलला तर त्यात एक व्होल्ट तयार होतो. आणि एका चौरस मीटरमधून एक वेबर म्हणजे एक टेस्ला, चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचं एकक.

थोरल्या अर्न्स्ट हाइनरिशचं नाव एककात नाही पण बाकी सगळीकडे आहे. मानसशास्त्रातला वेबरचा नियम त्याचा. हातात १०० ग्रॅम असताना ५० ग्रॅम वाढवले तर लगेच कळतं, पण पाच किलोच्या भाजीच्या पिशवीत तेच ५० ग्रॅम टाकले तर कळत नाहीत, म्हणजे फरक जाणवायला लागणारी वाढ मूळ वजनाच्या प्रमाणात असावी लागते. फेखनर या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० मध्ये यावर सायकोफिजिक्स, म्हणजे बाहेरचं मोजमाप आणि मनाला होणारी जाणीव यांचं नातं शोधणारी शाखाच उभी केली आणि म्हणून वेबर-फेखनर असं जोडनाव येतं. कानाच्या डॉक्टरकडे ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवतात आणि विचारतात आवाज कुठल्या कानात येतोय, ती वेबर टेस्टही याचीच. गंमत अशी की कानात मळ साचला असेल किंवा पडद्याला काही झालं असेल तर आवाज त्या बिघडलेल्या कानातच जास्त येतो, आणि नस कमजोर असेल तर चांगल्या कानात. आणि मासे खाणाऱ्यांसाठी, रोहू-कटला साफ करताना डोक्याच्या मागे मणक्याला लागून जी इवलीशी हाडं असतात, हवेच्या पिशवीतलं कंपन आतल्या कानापर्यंत नेणारी, त्यांना वेबेरियन हाडं म्हणतात, त्यानेच १८२० मध्ये वर्णन केलेली. सुरमई-पापलेटात ती सापडणार नाहीत, ती कार्प आणि कॅटफिशच्या गटात असतात.

मेडिकलमध्ये अजून दोन वेबर आहेत, बाप-लेक, लंडनमधले. हेर्मान डाव्हिड वेबर जर्मनीतून लंडनला गेले, मेंदूच्या मधल्या भागात बिघाड होऊन एका बाजूच्या डोळ्याची नस आणि विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडतात तो वेबर सिंड्रोम त्यांनी १८६३ मध्ये वर्णन केला, आणि त्याच वर्षी मुलगा फ्रेडरिक पार्क्स वेबर जन्मला, जो पुढे ९९ वर्षं जगला आणि दुर्मिळ आजारांचा चालताबोलता कोश झाला. चेहऱ्यावर जन्मखूण आणि मेंदूत रक्तवाहिन्यांची गुंतागुंत असलेला स्टर्ज-वेबर, तो मुलाचा. म्हणजे मेडिकल रिपोर्टमध्ये "वेबर" आला तर निदान चार शक्यता, हाडाचा, कानाचा, बापाचा, लेकाचा. भाषांतर करताना माझ्या हातून एकदा कानाच्या टेस्टच्या टीपेत चुकून पार्क्स वेबरची वर्षं गेली होती, तपासणाऱ्या बाईंनी पकडलं, तेव्हापासून मी पहिलं नाव सापडल्याशिवाय एक ओळही पुढे लिहीत नाही.

आता तुमचे दोघं, मॅक्स आणि आल्फ्रेड. दोघांचा जन्म एरफुर्टचा, मॅक्स १८६४, आल्फ्रेड १८६८. वडील वकील आणि राजकारणी, त्यांचंही नाव मॅक्स, त्यामुळे जुन्या कागदपत्रात थोरले मॅक्स आणि धाकटे मॅक्स असा घोळ होतो. विटेनबर्गच्या वेबरांशी यांचा संबंध लावू नका. पण इथे एक गोष्ट आहे जी मला या अख्ख्या आडनावात सगळ्यात विलक्षण वाटते. या घराण्याचा धंदा खरोखरच कापडाचा होता. आजोबा बीलेफेल्डचे लिननच्या कापडाचे व्यापारी, आणि काका कार्ल डाव्हिड यांनी जवळच ओर्लिंगहाउझनला धंदा वाढवला, जुन्या आरामशीर पद्धतीचा व्यापार सोडून नव्या हिशेबी पद्धतीचा. मॅक्सने १९०४-०५ मध्ये प्रॉटेस्टंट धर्मनीती आणि भांडवलशाहीवर लिहिताना झोपाळू पारंपरिक कापड व्यापाऱ्याला मागे टाकणारा जो नवा उद्योजक रंगवलाय त्यामागे अभ्यासकांना हा काका दिसतो. म्हणजे तुम्ही जे "भांडवलशाहीचं चैतन्य" म्हणून पाठ करताय ते एका वेबराने, म्हणजे आडनावाने विणकराने, खऱ्याखुऱ्या विणकामाच्या धंद्याकडे बघून लिहिलंय.

आणि एवढ्यावर संपत नाही. १९०८ मध्ये मॅक्स त्याच ओर्लिंगहाउझनच्या गिरणीत जाऊन बसला आणि मागावरच्या कामगारांचे उत्पादनाचे आकडे अभ्यासले, दिवसातल्या कुठल्या वेळी काम वाढतं, आठवड्यात कधी घसरतं, का घसरतं. त्या अभ्यासाला त्याने नाव दिलं औद्योगिक श्रमाची सायकोफिजिक्स. आता मागे जाऊन बघा, सायकोफिजिक्स हा शब्द फेखनरचा आणि फेखनरचा पाया अर्न्स्ट हाइनरिश वेबरचा. दोन वेबर घराण्यांत रक्ताचं नातं दाखवता येत नाही, पण विचाराचा धागा या एका शब्दातून एका घरातून दुसऱ्या घरात आलेला दिसतो, आणि तोही विणकामाच्या गिरणीत. असा धागा नुसतं आडनाव सर्च करून कधीच हाती लागला नसता, दोघांची पहिली नावं वेगळी ठेवली म्हणूनच दिसला.

मॅक्सची बायको मारियान, तिलाही विसरू नका. ती त्याच ओर्लिंगहाउझनच्या काकांची नात, म्हणजे माहेरचं आडनाव श्निटगर असलं तरी आईकडून ती वेबरच. कायद्यात पत्नी आणि आई यांचं स्थान कसं बदललं यावर तिचा १९०७ चा मोठा ग्रंथ आहे, आणि १९२० मध्ये मॅक्स न्यूमोनियाने गेला त्यानंतर त्याची अर्धवट हस्तलिखितं लावून छापायचं कामही तिनेच केलं. तुम्ही वाचताय तो मॅक्स वेबर बराचसा तिच्या हातून आलेला आहे, पण उत्तरपत्रिकेत तिचं नाव कोणी लिहीत नाही, तुम्ही लिहा.

आल्फ्रेडचं मॉडेल १९०९ चं. कारखाना कुठे उभा राहील तर जिथे वाहतूक, मजुरी आणि एकत्र वसल्याने होणारा फायदा यांचा हिशेब सगळ्यात स्वस्त पडेल तिथे. कच्च्या मालाचं वजन पक्क्या मालापेक्षा खूप जास्त असेल तर कारखाना कच्च्या मालाकडे ओढला जातो, आणि याला आपला साखर कारखाना हे इतकं चपखल उदाहरण आहे की दुसरं शोधायची गरजच नाही: १०० किलो उसातून साधारण १० ते ११ किलो साखर, शिवाय तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर उतारा घसरतो, म्हणून कारखाने कोल्हापूर, सांगली, नगरच्या फडांजवळ उभे राहिले, मुंबईच्या गिऱ्हाइकाजवळ नाही. आणि हाच आल्फ्रेड १९०४ ते १९०७ प्रागला शिकवत होता तेव्हा १९०६ मध्ये लेखक फ्रान्झ काफ्काला कायद्याच्या डॉक्टरेटसाठी विद्यापीठातर्फे पुढे करणारा प्रोफेसर (प्रोमोटर) तोच होता.

"मॅक्स वेबर" लिहिलं म्हणजे संपलं असंही नाही हं. एक मॅक्स वेबर चित्रकार, १८८१ मध्ये बियालिस्तोकला जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला, तिकडे क्युबिझम, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मोडून दाखवणारी चित्रशैली, घेऊन गेलेल्या पहिल्या काहींपैकी. एक मॅक्स वेबर प्राणिशास्त्रज्ञ, १८५२ चा, जर्मनीत जन्मलेला आणि हॉलंडमध्ये स्थायिक झालेला, ज्याने १८९९-१९०० मध्ये सिबोगा जहाजातून आजच्या इंडोनेशियाचे समुद्र पालथे घातले. नकाशात वॉलेस रेषेच्या पूर्वेला जी वेबर रेषा असते, आशियाई आणि ऑस्ट्रेलियन प्राण्यांचा तोल जिथे बदलतो ती, ती याच्या नावाची. तुमच्या भूगोलाच्या पेपरात म्हणजे दोन वेबर येऊ शकतात आणि त्यातला एक मॅक्स असूनही तो मॅक्स नाही.

संगीतातले पटकन सांगते. कार्ल मारिया फोन वेबर, १७८६ ते १८२६, जर्मन रोमँटिक ऑपेराचा जनक म्हणतात तो. मोझार्टची बायको कॉन्स्टान्झं ही माहेरची वेबर आणि कार्ल मारियाची सख्खी चुलत बहीण, तिचे वडील आणि याचे वडील भाऊ. इथे मात्र आडनाव सारखं आणि नातंही खरं. ते मधलं "फोन" म्हणजे सरदारकी, ती कार्ल मारियाच्या वडिलांनी स्वतःच लावून घेतलेली, कॉन्स्टान्झंच्या घरी ती नव्हती. लंडनच्या म्युझिकलवाल्या अँड्र्यू लॉइड वेबरचं आडनाव इंग्रजी, त्यात बी दोनदा येतो, हे घराणं वेगळं.

यानंतरचा वेबर आपल्या मुंबईशी थेट भिडलेला आहे आणि मराठी वाचकाने हा माहीत करून घ्यायलाच हवा. आल्ब्रेश्ट वेबर, १८२५ ते १९०१, बर्लिनचा संस्कृत पंडित, शुक्ल यजुर्वेदाची आणि शतपथ ब्राह्मणाची छापील आवृत्ती सिद्ध करणारा, प्रचंड कामाचा माणूस. त्याने १८७० मध्ये मांडलं की रामायणाच्या कथेवर ग्रीक महाकवी होमरचा प्रभाव असावा, सीतेचं हरण म्हणजे हेलनचं हरण वगैरे. याला उत्तर कोणी दिलं, तर काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी, १८७३ मध्ये, मुंबईतून, वयाच्या तेविसाव्या वर्षी. पुढे हेच तेलंग मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्याच सुमाराला रा. गो. भांडारकर आणि वेबर यांचा व्याकरणकार पतंजलीच्या काळावरून इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात वाद चालला होता, भांडारकर त्याच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथातल्या उदाहरणांवरून इसवी सन पूर्व दुसरं शतक धरत होते आणि वेबर पतंजलीला त्यानंतरचा मानत होता. भांडारकरांचा काळ आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या मराठी किंवा मुंबईच्या इंग्रजी लिखाणात "प्रोफेसर वेबर म्हणतात" असं आलं तर तो बहुधा मॅक्स नाही, या वादांच्या वेळी तर मॅक्स शाळकरी पोरगा होता. मॅक्सनेही पुढे हिंदू धर्मावर आणि जातीवर लिहिलं, १९१६-१७ मध्ये, भारतात कधीही न येता, त्यामुळे दोघांचं नाव भारताशी जोडलेलं आणि घोटाळा पक्का. एका प्रबंधाच्या मसुद्यात मी तेलंगांना मॅक्स वेबरशी वाद घालताना बघितलंय. तेलंग १८९३ मध्ये गेले.

वस्तूंवरचं नाव हा अजून वेगळा प्रकार. जुन्या फेरारी-मासेरातीतले वेबर कार्ब्युरेटर हे एडोआर्डो वेबरचे, वडील स्विस, स्वतः इटलीचा, कंपनी १९२३ मध्ये बोलोन्यात काढली आणि १९४५ मध्ये तो माणूस बेपत्ता झाला तो पुन्हा सापडला नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या अंगणात जो गोल झाकणाचा वेबर बार्बेक्यू असतो तो मात्र कुठल्याही वेबरने शोधलेला नाही, शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीव्हनने १९५२ मध्ये पाण्यावर खुणेसाठी तरंगत ठेवतात त्या धातूच्या गोळ्याचे (buoy) दोन अर्धे घेऊन तो बनवला, नाव कारखान्याचं लागलं. आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाचत असतील तर तुमचा वेबर नंबर, थेंब फुटणार की टिकणार ते सांगणारा, वेगामुळे येणारा जोर आणि पृष्ठताण यांचं गुणोत्तर, तो मोरिट्झ वेबरचा, १८७१ ते १९५१, बर्लिनचा. फ्लक्सच्या वेबरशी त्याची गल्लत करू नका, तो एकक आहे आणि हा एकक नसलेला नुसता आकडा.

उच्चाराचं विचारलंत. जर्मन डब्ल्यू हा इंग्रजी व्ही सारखा, वरचे दात खालच्या ओठाला लावून, म्हणून व्हेबर, पहिला ए लांब, आणि शेवटचा र जवळजवळ गिळलेला, व्हेऽबा असा ऐकू येतो. मराठीत लिहिताना वेबर रूढ आहे तेच लिहा, मी पण तेच लिहिते, वर्गात बोलताना फक्त व्हेबर म्हणते. अमेरिकेत युटामध्ये वेबर नावाची नदी, काउंटी आणि विद्यापीठ आहे, जॉन हेन्री वेबर नावाच्या कातड्यांच्या व्यापारासाठी फिरणाऱ्या माणसावरून, आणि तिथले लोक त्याला वीबर म्हणतात, तिथे जाऊन व्हेबर म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका, तो त्यांचा उच्चार आहे.

शोधायचं कसं, तर नुसतं आडनाव टाकू नका. पहिलं नाव, गाव आणि जन्मवर्ष, यातलं निदान दोन तरी पाहिजे. जर्मन नॅशनल लायब्ररी प्रत्येक माणसाला स्वतंत्र नंबर देते, तिथे मॅक्स वेबर टाकलं की सगळे मॅक्स जन्म-मृत्यूच्या वर्षांसकट वेगवेगळे दिसतात, मी कुठलंही भाषांतर सुरू करताना आधी तो नंबर वहीत लिहून ठेवते. आणि जर्मन मजकुरात एक खास अडचण, जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं, आणि विणकर या शब्दाचं एकवचन-अनेकवचनही सारखंच, त्यामुळे १८४४ च्या सायलेशियातल्या विणकरांच्या उठावावरचा लेख असेल तर "वेबर" म्हणजे उपाशी मजूर, आडनाव नाही. मशीनवर भाषांतर टाकलं की दोन्हीकडून घात होतो, कधी मॅक्स विणकर होतो आणि कधी त्या बिचाऱ्या मजुरांचं एक अख्खं वेबर कुटुंब. मराठीत आपल्याला एक चांगली सवय आधीच आहे, आद्याक्षरं लावायची, पु. ल. की गो. पु. हे कळल्याशिवाय आपण देशपांडे म्हणून थांबत नाही. उत्तरपत्रिकेत तेच करा, नोकरशाहीला मॅक्स वेबर, उद्योगाला आल्फ्रेड वेबर, पूर्ण नाव, पहिल्याच ओळीत.

एकच वेबर उरला. जोसेफ वेबर, १९१९ मध्ये न्यू जर्सीत जन्मलेला, यिद्दिश बोलणाऱ्या स्थलांतरित घरातला. त्याच्या वडिलांना अमेरिकेला यायचं होतं आणि हाताशी जो पासपोर्ट होता त्यावर वेबर लिहिलेलं होतं, म्हणून त्यांनी तेच आडनाव घेतलं. विणकाम नाही, घराणं नाही, गाव नाही, नुसता एक कागद. त्या मुलाने पुढे मेरीलँडमध्ये टनाहून जड अॅल्युमिनियमचे दंडगोल टांगले, गुरुत्वीय लाट, म्हणजे अवकाशच किंचित ताणत-आवळत जाणारी लाट, आली तर ते अगदी किंचित थरथरतील आणि त्यांना चिकटवलेल्या क्रिस्टलमध्ये ते टिपता येईल म्हणून. १९६९ मध्ये त्याने लाटा सापडल्याचं जाहीर केलं, दुसऱ्या प्रयोगशाळांना त्या सापडल्या नाहीत, आणि २००० मध्ये तो गेला तोवर बहुतेकांनी त्याचा दावा सोडून दिला होता. पण या लाटा यंत्राने पकडायचा प्रयत्न पहिल्यांदा त्याने केला, आणि १४ सप्टेंबर २०१५ ला या लाटा टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या बाहूंमध्ये ती थरथर खरंच आली. ते दंडगोल अजूनही वेबर बार म्हणूनच ओळखले जातात, मेरीलँड विद्यापीठात त्यातले काही आता बागेत मांडून ठेवलेत. आणि लायगोचं भारतातलं केंद्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे, केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्याला २६०० कोटींची मंजुरी दिली. त्या केंद्राची बातमी वाचताना वेबर बार दिसला तर तो जोसेफ, पासपोर्टवाला.